विकिपीडियावर नव्यानं लिहिताय? या चुका टाळा, आमच्या करून झाल्यात

मराठी विकिपीडियावरचा माझा पहिला लेख एक दिवससुद्धा टिकला नाही. सासरच्या गावावर लिहिला होता. वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं गाव. सांगलीच्या घरी रात्री जेवणं आटोपल्यावर दीड तास बसून मजकूर टाइप केला, सासऱ्यांना मोबाइलवर दाखवला. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांनी तो लगेच भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर अर्धा लेख गायब आणि उरलेल्याच्या डोक्यावर पाटी : भाषा विश्वकोशीय नाही, संदर्भ नाहीत. दादांचा पहिला प्रश्न : "कुणी काढलं? कुठला हाय त्यो?"

तो कुठलाही असो, त्याचं काही चुकलं नव्हतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तिथं काढणारा, जोडणारा, पाटी लावणारा, सगळेच आपापली नोकरी-शेती सांभाळून फुकट काम करणारे. पगारी संपादक तिथं कुणी नाही. हे मला कळायला तीन महिने आणि दोन भांडणं लागली.

गाव आपलं, लेख आपला नाही

माझं पहिलं वाक्य असं होतं : "कृष्णामाईच्या कुशीत वसलेले, शूरवीरांचा वारसा लाभलेले आमचे गाव पंचक्रोशीत सुप्रसिद्ध आहे." जत्रेच्या पत्रिकेवर शोभलं असतं. विकिपीडियावर मात्र शब्दाशब्दाला प्रश्न येतो. 'आमचे' म्हणजे कुणाचे? सुप्रसिद्ध आहे असं कोण म्हणतं? आणि वारसा न लाभलेलं एक तरी गाव सांगली-साताऱ्यात दाखवा. चाळण मारल्यावर उरलं ते एवढंच : अमुक हे सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातलं कृष्णा नदीकाठचं गाव आहे. त्याखाली जनगणनेतली लोकसंख्या, कुटुंबं, क्षेत्रफळ आणि जिल्हा जनगणना पुस्तिकेचा संदर्भ. दादा म्हणाले, "हे काय, सातबारा हाय का?" जवळपास तसंच आहे, दादा.

आकड्यांबद्दल एक. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे गावाच्या लोकसंख्येला २०११ चाच आधार. सांगली जिल्हा २८,२२,१४३, सातारा ३०,०३,७४१. आज माणसं वाढली असणार हे उघड आहे, पण म्हणून 'सध्या सुमारे ३२ लाख' असं मनानं लिहायचं नाही. ग्रामपंचायतीत कुणी तोंडी सांगितलेला ताजा आकडाही नाही. वर्ष लिहा, आकडा लिहा, संदर्भ द्या आणि थांबा.

"राजे इथं मुक्कामाला होते"

सगळ्यात जास्त रक्त या चुकीनं आटवलं. शिवाजी महाराज आमच्या गावात एक रात्र राहिले आणि पाटलांच्या वाड्यासमोरच्या चिंचेला त्यांचा घोडा बांधला होता, ही दादांची आवडती गोष्ट. मी ती लिहिली. कुणीतरी काढली. मी परत घातली. त्यानं परत काढली आणि चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या बोलाचालीच्या पानावर, विचारलं, "आधार काय?" मी लिहिलं, "माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत." उत्तर आलं, "त्यांच्याविषयी आदर आहे. पण छापील आधार?"

तेव्हा राग आला, आता हसू येतं. घरातल्या जाणत्या माणसानं सांगितलेलं खोटं असतं असं कुणी म्हणत नाही. पण ते तपासायला वाचक आमच्या ओसरीवर येऊ शकत नाही. छापलेलं, प्रसिद्ध झालेलं आणि दुसऱ्याला उघडून बघता येईल असं काही हवं. ग्रामपंचायतीची नाहीतर शाळेची स्मरणिका? ती दुबळी, कारण बऱ्याचदा आपल्यासारख्याच कुणीतरी आठवणीवर लिहिलेली असते. दैनिकाच्या पुरवणीतला लेखही डोळे उघडे ठेवून वापरा. मला गावावर एक झकास लेख सापडला होता, वाचता वाचता लक्षात आलं की त्यातला परिच्छेद विकिपीडियावरून उचललेला आहे, आणि तिथं तो मीच लिहिलेला. माझंच वाक्य मला पुरावा म्हणून परत आलं.

चिंचेची गोष्ट लेखात आजही नाही. एखाद्या अभ्यासकानं 'गावकरी असं सांगतात' म्हणून पुस्तकात नोंदवली, तर त्या पुस्तकाच्या हवाल्यानं 'अशी आख्यायिका आहे' एवढं लिहिता येईल.

जुना कागद सापडला म्हणून उड्या मारू नका

मग मला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी माहितीग्रंथाचा, १९ वा खंड मिळाला. सातारा, १८८५. इंटरनेटवर सहज वाचायला मिळतो आणि त्याचा प्रताधिकार कधीच संपलाय. त्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात आहेत. मी उत्साहाच्या भरात लेखातलं 'सांगली' खोडून 'सातारा' करणार होते. १८८५ मध्ये सांगली नावाचा जिल्हाच नव्हता, ते पटवर्धनांचं संस्थान. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. जुना संदर्भ त्याच्या काळासकट वाचायचा असतो.

याच घोळातून यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाचा वाद उभा राहतो. जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे. एक जण 'सातारा जिल्हा' लिहितो, दुसरा 'सांगली' करतो. पहिला चिडून परत फिरवतो. दोघंही बरोबर असतात. 'तेव्हाचा सातारा जिल्हा, आताचा सांगली' एवढं लिहिलं की वाद मिटतो.

आणि याहून गमतीचा कोयनेचा भूकंप. आमच्याकडे कुणालाही विचारा, ११ डिसेंबर १९६७. परदेशी भूकंप-सूचीत १० डिसेंबर दिसतो. नवा माणूस एकतर तिकडची तारीख इकडे 'दुरुस्त' करतो, नाहीतर तिकडच्यांना अडाणी ठरवतो. भूकंप आपल्या घड्याळात पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. जागतिक वेळेनं तेव्हा आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं झाली होती. साडेपाच तासांचा फरक, बाकी काही नाही. तीव्रतेचंही तसंच, कुठे ६.३ तर कुठे ६.६, कारण मोजायच्या पद्धती वेगळ्या. अशा वेळी एक आकडा निवडून दुसरा खोडू नका. दोन्ही द्या, आपापल्या संदर्भासह.

विश्वकोश वाईत, म्हणून आपल्या घरचा?

माझं आजोळ वाई. मराठी विश्वकोशाचं कार्यालय तिथलं, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथले, त्यामुळे विश्वकोश म्हणजे आपल्या गल्लीतला अशी माझी समजूत. आता त्याचे खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मी एका नोंदीतले तीन परिच्छेद उचलून चिकटवले आणि खाली प्रामाणिकपणे 'साभार : मराठी विश्वकोश' लिहिलं. अर्ध्या तासात उडाले.

साभार म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. वाचायला मोकळं आणि उचलायला मोकळं या दोन वेगळ्या गोष्टी. विकिपीडियावर टाकलेला मजकूर पुढे कुणीही, विकण्यासाठीसुद्धा, वापरू शकतो. तुमच्या मालकीचा नसलेला मजकूर तसा वाटून टाकायचा हक्क तुम्हाला नाही. सरकारी संकेतस्थळावरचा मजकूरही आपोआप मोकळा नसतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार राहतो. ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर १९३७ मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन आता मोकळं. पण मोकळं आहे म्हणून शंभर वर्षांपूर्वीची माहिती 'सध्या' म्हणून लिहू नका. बाकी सगळीकडे नियम साधा : वाचा, पुस्तक मिटा, आपल्या शब्दांत लिहा, संदर्भ द्या.

विश्वकोशाची आणखी एक सवय मला नडली. तिथं नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. मीही लेखाखाली ऐटीत सही ठोकली. विकिपीडियावर सही फक्त चर्चा पानावर, चार टिल्ड (~~~~) टाइप करून. लेखाखाली नाही. कुणी काय लिहिलं ते 'इतिहास पहा' मध्ये सेकंदासकट नोंदलेलं असतं.

कऱ्हाड दोनदा

ही चूक डोळ्यांना दिसतच नाही. 'कऱ्हाड' शोधलं, लेख नाही असं आलं, म्हणून नवा लेख बनवायला घेतला. लेख 'कराड' नावानं होताच. ते एक झालं. पण 'कऱ्हाड'मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर वेगळं 'ऱ' अक्षर येतं, तर दुसऱ्यावर साधा र, पाय मोडून, मध्ये एक अदृश्य जोडणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. 'ऱ्हास', 'दऱ्या', सगळ्यांना हे लागू. लेख सापडला नाही तर शीर्षक वेगळ्या कीबोर्डवरून पुन्हा टाइप करून बघा, गूगलवरूनही बघा. आणि मग नवा लेख न बनवता त्या नावाच्या पानावर #पुनर्निर्देशन लिहून पुढे चौकटी कंसात मूळ लेखाचं नाव द्या.

गावांच्या नावांचंही सांभाळा. बोरगाव सातारा तालुक्यात आहे आणि वाळव्यातही. नुसत्या 'बोरगाव'ला दुवा दिलात तर वाचक भलत्याच चावडीवर जाऊन उभा राहील.

सातवं पोरगं अडकलं

हे कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी. जानेवारीतल्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात एका कॉलेजात मला बोलावलं होतं. संगणक कक्ष, तीस मुलं, चहा-बिस्किटं, सगळं तयार. सहा मुलांची खाती उघडली. सातव्याला लाल संदेश. आठव्याला तोच. सर मला म्हणाले, "मॅडम, नेट गेलं का?" नेट जोरात चालू होतं. एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, एका दिवसात सहाच खाती उघडता येतात, आणि अख्खं कॉलेज बाहेरून एकच पत्ता दिसत होतं. शेवटी मुलांना मोबाइलच्या डेटावर खाती उघडायला लावली. तासभर त्यातच गेला. आता मी आदल्या दिवशीच घरून खाती उघडून यायला सांगते. मोठा कार्यक्रम असेल तर ही मर्यादा त्या दिवसापुरती उठवायची विनंती आधीच करता येते.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट : मुलांनी सराव थेट 'सांगली'च्या लेखावर केला. सरावाला धूळपाटी नावाचं वेगळं पान आहे. नावच सांगतं कशासाठी ते.

'भावी' हा शब्द दिसला की थांबा

आपली पतसंस्था, आपल्या काकांचा कारखाना, गल्लीतले 'भावी' नगरसेवक आणि त्यांचा वाढदिवस. यांवर लिहू नका. लिहायचा आग्रह झालाच तर आपलं नातं आपल्या खात्याच्या सदस्य पानावर उघड सांगा आणि लेखाला हात न लावता चर्चा पानावर सुचवा. फ्लेक्स चौकात लावायचा असतो.

बिघडलं तर

लेख विस्कटला आणि लाल अक्षरं आली तर दहातल्या आठ वेळा संदर्भाची खूण (<ref> … </ref>) बंद करायची राहिलेली असते, शेवटच्या खुणेतली तिरपी रेघ तपासा. जतन करण्याआधी 'झलक पहा' दाबायची सवय लावली तर हे होतच नाही. तुमचा बदल कुणी काढला तर 'इतिहास पहा' मध्ये त्यानं कारण लिहिलंय का बघा. नसेल तर त्याच्या चर्चा पानावर विचारा, परत परत तोच बदल घालत बसू नका. अख्खं पानच काढलं असेल तरी मजकूर प्रचालकांना, म्हणजे पानं काढायचे जादा अधिकार असलेल्या सदस्यांना, दिसतो. विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विनंती केली तर तो तुमच्या सदस्य उपपानावर परत मिळू शकतो. माझा मिळाला. आणि इंग्रजीवरून भाषांतर केलंत तर मूळ लेखाचं नाव बदलाच्या सारांशात द्या, शिवाय भाषांतर एकदा मोठ्यानं वाचा. 'हे गाव सांगलीत स्थित आहे' असं आपल्याकडे कुणी बोलतं का?

फोटो

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आपला नसतो, मग तो कितीही वेळा फॉरवर्ड झालेला असो. विकिपीडियाच्या फोटोंच्या सामाईक कोठारात, कॉमन्सवर, 'स्वतःचं काम' म्हणून चढवला तर आज ना उद्या उडतो आणि तुमच्या नावावर ताकीद बसते. स्वतः काढा. चौकातल्या कायमस्वरूपी पुतळ्याचा, वाड्याचा, देवळाचा फोटो काढून टाकायला आपल्या कायद्यात मोकळीक आहे. भिंतीवरच्या चित्राला किंवा फ्लेक्सला ती नाही.

गावच्या देवळाचे मी चार फोटो चढवले आणि चारही लेखात वापरता येईनात. चारही फोटोंत दादा पायरीवर, पांढरी टोपी नीट करून, मधोमध उभे. "देऊळ कुटं पळून जातंय," ते म्हणाले, "मानूस दिसाय नगो व्हय?" आता गावी गेले की फोटो काढायला पहाटे सहाला निघते, दादा आंघोळीला असतात तोवर.