तीन सायकली, पाय तेच: कुठलं माप सारखं ठेवायचं आणि कुठलं सोडून द्यायचं

घरात एका सायकलच्या दोन झाल्या की हा प्रश्न येतोच. माझ्याकडे आधी रोड बाईक होती, मग मातीच्या रस्त्यांसाठी एमटीबी (माउंटन बाईक) घेतली, वडिलांची काळी चोवीस इंची तर आधीपासूनच जिन्याखाली उभी होती, आणि मग वाटायला लागलं की माणूस एकच, पाय तेच, हात तेच, तर तिन्हींवर बसणंही सारखंच पाहिजे ना. म्हणून रोड बाईकच्या सीटची उंची टेपने मोजली आणि जशीच्या तशी एमटीबीला लावली. सिंहगडाच्या चढावर तिसऱ्या रविवारी उजव्या गुडघ्यात पुढच्या बाजूला कळ यायला लागली. आकडा तोच होता हो, पण क्रँक (पेडल जिच्या टोकाला असतं ती दांडी) वेगळा, पेडल वेगळं, बूट वेगळे, त्यामुळे पायाला मिळणारी जागा काही तीच राहिली नव्हती.

त्यानंतर बरंच मोजमाप केलं आणि माझ्यापुरता एक नियम बसला. पाय आणि सीटचं नातं सगळ्या सायकलींवर जवळपास तेच ठेवायचं, फरक मिलिमीटरात. हात आणि हँडलचं नातं मात्र सायकलच्या कामाप्रमाणे खुशाल बदलू द्यायचं, फरक सेंटिमीटरात. असं का, तर ८० च्या केडन्सने (मिनिटाला पेडलचे ८० फेरे) तासाला ४,८०० वेळा गुडघा वाकतो, पाच तासांच्या राईडला २४,००० वेळा, आणि क्लीटमध्ये (बुटाच्या तळाची, पेडलमधे अडकणारी पट्टी) अडकलेल्या पायाला सरकायला जागाच नसते. हात काय, दर दोन मिनिटांनी पकड बदलतात.

आता करायचं कसं ते सांगतो. स्टीलची टेप, ॲलन कीचा सेट, एक ओळंबा (दोऱ्याला जड नट बांधला तरी झालं), मोबाईलमधलं लेव्हल आणि एक वही. वही पाहिजेच, डोक्यात ठेवलेले आकडे महिन्याभरात बदलतात.

१. जी सायकल बरी वाटते ती आधी मोजा

ज्या सायकलवर तीन-चार तास बसून काही दुखत नाही ती तुमची मूळ सायकल, बाकीच्या तिच्यावरून लावायच्या. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँक फ्रेममधे जिथे फिरतो तो भाग) मध्यापासून सीट ट्यूबच्या (सीटचा दांडा जिच्यात जातो ती नळी) रेषेत सीटच्या वरच्या भागापर्यंत टेप धरा आणि आकडा लिहा. क्रँकची लांबी क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते, १७०, १७२.५, १७५ अशी, तीही लिहा, कुठले बूट घालून हे माप बरं वाटतं तेही लिहा.

एकही सायकल धड बसत नसेल तर इनसीमपासून (जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप) सुरुवात करा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मधे जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्याला ०.८८३ ने गुणलं की बीबीपासून सीटची उंची मिळते. अमेरिकन रेसर ग्रेग लेमाँड आणि त्याचा कोच सिरील गिमार यांच्यामुळे हे सूत्र जगभर गेलं. माझं इनसीम ८१ सेंटिमीटर, म्हणजे उंची ७१.५. पण हे सूत्र जुन्या काळच्या पेडल-बुटांचं आहे, सुरुवातीला ठीक, पुढे शरीर सांगेल तसं हलवायचं.

२. उंची दुसऱ्या सायकलवर नेताना बेरीज-वजाबाकी करा

मी चुकलो ते इथेच.

क्रँक ५ मिलिमीटर लांब असेल तर पाय खाली तेवढाच जास्त जातो, म्हणून सीट ५ मिलिमीटर खाली घ्यायची. पण हेही लक्षात घ्या की वरच्या टोकाला पेडल ५ ने वर आलं आणि सीट ५ ने खाली गेली, म्हणजे तिथे गुडघ्याला मिळणारी जागा पूर्ण एक सेंटिमीटरने कमी झाली. ज्यांचा गुडघा आधीच कुरकुरतो त्यांनी दुसऱ्या सायकलला लांब क्रँक घेताना दोनदा विचार करा, आखूड क्रँकने सहसा काही बिघडत नाही.

मग पेडल आणि बूट. पेडलच्या आसापासून तुमचा तळवा किती उंचावर असतो ते दोन्हीकडे वेगळं असतं. रोड क्लीटचा बूट पातळ तळाचा, एमटीबीवर मी साध्या पेडलवर जाड सोलचे बूट घालतो, तिथे तळवा १२ मिलिमीटर वर निघाला, म्हणजे सीटही तेवढीच वर पाहिजे. माझा हिशोब असा झाला: ७१.५ उणे ०.५ अधिक १.२, म्हणजे ७२.२. आणि मी लावली होती ७१.५, सात मिलिमीटर खाली, वर लांब क्रँक, मग गुडघा पुढून दुखेल नाहीतर काय. साध्या पेडलवर पाय थोडा मधल्या भागाने ठेवायची सवय असेल तर यातले काही मिलिमीटर परत कमी करा, कारण तेवढा पाय आखूड पडतो.

तिसरं म्हणजे सीट स्वतः किती दबते. स्प्रिंगवाली किंवा जाड फोमची सीट वजनाने सहज सेंटिमीटरभर खाली बसते, तेव्हा मोजताना कुणाला तरी टेप धरायला लावा आणि तुम्ही वर बसा.

एवढं सगळं धरल्यावर लांब राईडच्या सायकलींमधे ३ मिलिमीटरच्या आत फरक राहिला तर उत्तम. दगडगोट्यांच्या उतारावर सीट मुद्दाम दोन-चार सेंटिमीटर खाली घेतात ते वेगळं, तिथे पेडल मारणं कमी आणि सायकल अंगाखाली हलवणं जास्त असतं.

३. सीट पुढे-मागे किती

मागचं चाक भिंतीला टेकवा, भिंतीपासून बीबीच्या मध्यापर्यंत मोजा, मग भिंतीपासून सीटच्या नाकापर्यंत मोजा, वजाबाकी केली की सीट बीबीच्या किती मागे आहे ते, म्हणजे सेटबॅक, कळतं. सीट मात्र एकाच मॉडेलची पाहिजे, कारण हल्लीच्या आखूड सीट २४-२५ सेंटिमीटरच्या असतात आणि जुन्या पद्धतीच्या २७-२८ च्या, नाकावरून तुलना केली तर तीन सेंटिमीटरची चूक आयतीच होते. सीट वेगळ्या असतील तर जिथे सीट ८ सेंटिमीटर रुंद होते तिथे पेनाने खूण करा आणि त्या खुणेपासून मोजा.

गुडघ्यापासून ओळंबा सोडून तो पेडलच्या आसावर आला पाहिजे असं बरेच जण सांगतात. सायकल डिझायनर कीथ बॉन्ट्रेगरने या नियमाला काही भक्कम आधार नाही असं फार पूर्वीच लिहिलंय आणि मला ते पटतं, तरी सुरुवातीची जागा म्हणून ओळंबा कामाला येतो.

४. हँडल, आणि इथे मोकळे व्हा

समजा तुम्ही बसलेल्या पोझमधे गोठलात आणि कुणी तुम्हाला अख्खेच्या अख्खे बीबीभोवती फिरवलं. पुढे फिरवलं तर टाइम ट्रायलची (एकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायची रेस) बैठक होते, सीट पुढे आणि जरा वर, हँडल खाली. मागे फिरवलं तर वडिलांची काळी सायकल होते, सीट मागे, हँडल वर आणि जवळ, पाठ ताठ. मांडी आणि धड यांच्यातला कोन दोन्हीकडे फारसा बदलत नाही. म्हणून त्या जुन्या सायकलीची सीट ट्यूब एवढी मागे झुकलेली असते, आणि त्याच कारणाने तिला रुंद स्प्रिंगची सीट लागते, कारण सगळं वजन तिच्यावरच येतं. तिच्यावर रोड बाईकचं सेटबॅक लावायला जाऊ नका.

माझ्या रोड बाईकचं हँडल सीटपेक्षा ५ सेंटिमीटर खाली आहे, एमटीबीचं जवळपास बरोबरीला, काळीचं हातभर वर वाटतं इतकं उंच. तिन्हीवर मी आरामात असतो. ट्रॅफिकमधे मान वर करून बघायचं असतं, घाटाआधीच्या सपाट हायवेवर वारा कापायचा असतो, तेव्हा एकच उंची कशी चालेल?

फ्रेमच्या रीचचे (फ्रेम बीबीच्या पुढे किती जाते) आकडे बघून गोंधळू नका. एमटीबीची फ्रेम लांब दिसते पण तिचा स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) ३५ ते ५० मिलिमीटरचा, रोडचा ९० ते १२०, शिवाय रोडला हूड्स (ब्रेक लिव्हरवरची रबरी पकड) आणखी ७-८ सेंटिमीटर पुढे. आणि एमटीबीचं हँडल ७५-८० सेंटिमीटर रुंद, हात फाकले की धड आपोआप पुढे ओढलं जातं. त्यामुळे सीटच्या त्या खुणेपासून हात प्रत्यक्ष जिथे टेकतात तिथपर्यंत मोजा. कमी-जास्त करायचं तर आधी स्पेसर (स्टेमच्या खालच्या-वरच्या रिंगा) हलवा, मग स्टेम उलटा करून बघा, १०० मिलिमीटरचा ६ अंशाचा स्टेम उलटा केला की हँडल साधारण २ सेंटिमीटर वर येतं आणि खर्च शून्य.

दोन पेडलमधल्या रुंदीचं फार मनावर घेऊ नका. रोडला ती साधारण १५ सेंटिमीटर, एमटीबीला १७ किंवा जास्त, आणि बहुतेकांचं शरीर हे सांभाळून घेतं.

५. बदल हळू करा, आणि ऐका

एका वेळी एकच गोष्ट, २-३ मिलिमीटर, मग किमान दोन राईड. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुतेक खाली आहे, मागून दुखला किंवा कंबर डावी-उजवी डुलायला लागली तर वर आहे. तळहात बधीर होत असतील तर सीटचं नाक फार खाली झुकलंय का ते लेव्हलने बघा, हँडल बदलायच्या आधी. बीआरएमच्या (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) आदल्या आठवड्यात कुठलाच बदल करू नका, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ते चुकीच्या उंचीवर काढायला फार लांब आहेत.

आणि वहीतले आकडे कायमचे नसतात. १९६९ मधे फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवर पडल्यावर बेल्जियमचा दिग्गज रेसर एडी मर्क्स पुढे आयुष्यभर बैठक बदलत राहिला, चालू रेसमधेसुद्धा सीटची उंची हलवायचा. आपण काही मर्क्स नाही, पण पाठ धरली, वजन वाढलं, सहा महिन्यांचा खंड पडला की मूळ सायकलही परत मोजावी लागते. नवीन बूट घेतले तर दुसऱ्या पायरीवर परत या.

शेवटी सीटपोस्टवर, क्लॅम्पच्या बरोबर वर, इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारा म्हणजे ट्रेनसाठी सायकल खोलली किंवा भावाने नेली तरी उंची परत सापडते. क्लॅम्पवर ५ न्यूटन-मीटर असं लिहिलेलं असेल तर टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरा, आणि पोस्ट कार्बनची असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्टच लावा, नाहीतर मिलिमीटरने लावलेली सीट दुसऱ्या खड्ड्याला खाली सरकते.