शाळेच्या कपाटात किरणोत्सारी दगड ठेवायचे असतील तर

मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने रुमालात बांधून निळाभोर खडा आणला. तिचे वडील पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीवर कामाला. "बाई, हा नक्की वाजणार!" मी किरणोत्सार मोजणारा, किरण आला की टिक वाजणारा गायगर काउंटर जवळ धरला. रिकाम्या टेबलावर जेवढी टिकटिक होती तेवढीच राहिली. तो कॅव्हन्साइट होता, कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचा सिलिकेट. वाघोलीच्या कॅव्हन्साइटसाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात, पण तो किरणोत्सारी नाही. तिचा चेहरा उतरला, म्हणून तो खडा मी कपाटाच्या पहिल्या खणात ठेवला. भडक रंगावरून किरणोत्सार ओळखता येत नाही, हे तिच्यामुळे साऱ्या वर्गाला समजलं.

आधी कशाला हात लावायचा नाही ते सांगते. पिचब्लेंड, ऑट्युनाइट, केरळच्या किनाऱ्यावरचं मोनाझाइट अशी युरेनियम-थोरियमची खनिजं आपल्याकडे सरकारी नियंत्रणाखाली आहेत. शोभेचा दगड म्हणून ऑनलाइन मिळाली तरी मागवू नका. त्यांची धूळ श्वासातून शरीरात जाऊ शकते आणि त्यांतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो. कुणाच्या माळ्यावरच्या जुन्या संग्रहात असा दगड सापडलाच, तर न खरवडता, न धुता पिशवीत बंद करा, मुलांपासून लांब ठेवा आणि मुंबईत अणुशक्तीनगरला असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा.

मग उरतं काय? पोटॅशियम. निसर्गातल्या पोटॅशियमचा ०.०११७ टक्के भाग पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी प्रकार असतो आणि त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं आहे. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ अणू किरण सोडून बदलतात. आपल्या अंगातही तो असतोच, त्यामुळे त्याचे दगड वर्गात ठेवायला मला भीती वाटत नाही.

गोळा करायला कोंढव्याकडच्या मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानांत जा. ओट्याच्या फरशीचे कापून उरलेले तुकडे मागितले की बहुतेक जण फुकट देतात. काळा घेऊ नका. दुकानात त्याला ग्रॅनाइट म्हणत असले तरी तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो आणि त्यात पोटॅशियम कमी असतं. इलकलचा लाल-गुलाबी मागा, त्यातले मोठे गुलाबी दाणे पोटॅशियम फेल्डस्पार या पोटॅशियमवाल्या खनिजाचे असतात. तुकडा घरी कापत किंवा घासत बसू नका, जसा मिळेल तसाच ठेवा. शिवाय अभ्रकाचा एखादा पापुद्रा आणि आपल्याच खाणींतला अ‍ॅपोफिलाइट. त्यात जेमतेम चार टक्के पोटॅशियम, पण पुण्याचा म्हणून तो हवाच.

सगळ्यात जोरात वाजतं ते मात्र कृषी सेवा केंद्रातलं म्युरेट ऑफ पोटॅश. हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि खनिज रूपात त्यालाच सिल्वाइट म्हणतात. शंभर ग्रॅम पुरतं. त्याला पाणी सुटतं, म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि मोजताना काउंटर बाटलीच्या भिंतीला टेकवा.

आता मोजणी, आणि इथे घाई चालत नाही. आधी टेबल रिकामं ठेवून दहा मिनिटं मोजा. माझ्या काउंटरवर २०४ आले. मग बेसॉल्ट, म्हणजे आपल्याकडचा लाव्ह्याचा काळा दगड, ठेवून दहा मिनिटं: १९७. मग गुलाबी ग्रॅनाइट: २६३. आकड्याचं वर्गमूळ काढलं की साधारण किती चूक धरायची ते कळतं. २०० ला १४, २६३ ला १६. म्हणजे २०४ आणि १९७ मधला फरक काहीच नाही, आणि ग्रॅनाइटचा फरक विश्वास ठेवण्याजोगा. एक मिनिट मोजून "हा वाजतो" म्हणणाऱ्या मुलांना मी पुन्हा बसवते. दहा मिनिटं गप्प बसून टिकटिक ऐकणं त्यांना जमतं, आपणच उगाच शंका घेतो.

नोंदीच्या बाबतीत माझं झालेलं नुकसान सांगते. पहिल्या संग्रहात मी दगडांखाली नुसत्या कागदाच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. दोन पावसाळ्यांत कसरीने त्या खाल्ल्या आणि तेवीस दगड कुठले, हे कायमचं गेलं. फार वाईट वाटलं. आता दगडाच्या मागच्या बाजूला व्हाइटनरचा ठिपका देते, त्यावर काळ्या शाईने क्रमांक आणि वर बिनरंगी नेलपॉलिशचा हात. वहीत क्रमांकासमोर ठिकाण, तारीख, कोणी दिला आणि दहा मिनिटांचा आकडा.

कपाट काचेचं आणि कुलुपाचं असावं. दगड हाताळल्यावर हात धुवायचे, त्या टेबलावर डबा उघडायचा नाही. इतके सौम्य दगड असले तरी ही सवय मी सोडू देत नाही. पुढे कुठल्या प्रयोगशाळेत यांना काय हाताळावं लागेल, कोणास ठाऊक.

आणि बेसॉल्टला "न वाजणारा" अशी चिठ्ठी लावू नका. मी लावली होती, मग काढली. त्यातल्या थोड्याशा पोटॅशियम-४० पासून तयार होऊन साचत गेलेला आर्गॉन वायू मोजूनच दख्खनच्या लाव्ह्याचं सुमारे ६.६ कोटी वर्षांचं वय काढलं आहे. आता त्याच्या चिठ्ठीवर तो वयाचा आकडा आहे, आणि खाली "१० मिनिटांत १९७".