आंब्याच्या पानांचं तोरण: पानं गळू नयेत म्हणून काय करायचं

दसऱ्याला हौसेने तोरण बांधलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी पानं उंबऱ्यावर, असं ज्यांच्याकडे होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. पंचवीसेक वर्षं दसरा, दिवाळी, पाडवा असं दरवेळी घरचंच तोरण करतेय, आधी कोकणात आणि आता ठाण्यात, आणि हल्ली जिकडेतिकडे स्टेपलर मारा, सेलोटेप लावा असले सल्ले दिसतात ते वाचून खरंच राग येतो.

आधी पानं. गडद हिरवी, जून झालेली, हाताला जरा कडक लागणारी घ्यायची. पावसाळा संपला की आंब्याला नवी पालवी फुटते, तांबूस, लोंबती, दिसायला फार गोड, पण ती तोरणाला अजिबात घ्यायची नाही, दुपारपर्यंत चिंधी होते तिची. पाडव्याला उलट काळजी, तेव्हा झाडावर कैऱ्या असतात, त्यामुळे फळ धरलेल्या डहाळीला हात लावायचा नाही. झाड दुसऱ्याचं असेल तर आधी विचारायचं, सोसायटीचं असलं तरी विचारायचं. फांद्या तोडायची काही गरज नसते. शहरात झाड तोडण्यावर १९७५ पासून कायदा आहे, छाटणीलाही महापालिकेची परवानगी लागते, आणि तोरणाला बोटाएवढ्या जाडीच्या तीन-चार डहाळ्या पुरतात. डहाळी ओढण्याआधी वर नीट बघा, दोन-चार पानं एकमेकांना चिकटवल्यासारखी गोळा झालेली दिसली तर ते तांबड्या मुंग्यांचं घरटं, आमच्याकडे ओंबील म्हणतात, ती अंगावर पडली की तोरण राहतं बाजूला. आणि हाताला आधी खोबरेल चोळून घ्या, आंब्याचा चीक काही जणांना भाजल्यासारखा उठतो, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले.

डहाळ्या रात्रभर बादलीत पाण्यात उभ्या ठेवायच्या. पानं सकाळी धुवून, पुसून.

आता मुख्य गोष्ट, जी मला कितीतरी वर्षं जमत नव्हती. पान सुतळीत अडकवायचं कसं आणि ते वाळल्यावरही तिथेच राहील कसं.

पहिली काही वर्षं मी पानं कात्रीने कापून घ्यायचे, देठ एकसारखे दिसावेत म्हणून. संध्याकाळपर्यंत तोरण सुरेख दिसायचं आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक पान सुटायचं. मला वाटायचं मी सैल ओवते, म्हणून पुढच्या वर्षी अजून घट्ट, तरी तेच. शेवटी एका दसऱ्याला आजी शेजारी येऊन बसली, माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाली, "अगो, गाठ कापून टाकलीस तर ते धरणार कशाला?"

एक पान हातात घेऊन देठ बघा. जिथे तो डहाळीला चिकटलेला असतो तिथे फुगीर असतो, छोट्या गाठीसारखा. सगळी गंमत त्या गाठीत आहे. पान वाळलं की देठ बारीक होतो आणि सुतळीतून सरकतो, पण ती गाठ वर अडकते. म्हणून पान कापायचं नाही, देठ मुळाशी धरून खालच्या बाजूला ओढायचा, गाठीसकट निघतो. गाठ तुटली तर ते पान बाजूला ठेवा, कलशात वापरा.

सुतळी दोन किंवा तीन पदरी पिळाची, जाड. काथ्याची मिळाली तर उत्तमच. दाराच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे हातभर जास्त कापायची, दोन खुर्च्यांना बांधायची, पण ताणून नाही, मध्ये चार बोटं झोळ राहू द्यायचा. ताणलेली सुतळी पीळ घट्ट धरून बसते, देठ आत जातच नाही. सैल असताना दोन्ही हातांच्या चिमटीत धरून उलटा पीळ द्या, पदर उघडतात, त्या फटीत दाभण घालून ठेवा, आणि देठाची गाठ खालून वर घाला. पानाची चकचकीत बाजू समोर. दाभण काढा, पीळ सोडा, पान हलकेच खाली ओढा, गाठ पदरांवर येऊन टेकली की झालं. नंतर दारावर तोरण ताणून बांधलं की पीळ आपोआप आवळतो आणि प्रत्येक देठ चिमटीत धरल्यासारखा बसतो.

लागोपाठच्या पिळांत पानं घालू नका, प्रत्येक पान तिथला पीळ थोडा सैल करतं, मध्ये दोन पीळ मोकळे सोडा, साधारण दोन बोटं अंतर पडतं. आणि दरवेळी तोच पदर समोर ठेवा, नाहीतर एक पान इकडे तोंड करतं आणि शेजारचं तिकडे. तीन फुटी दाराला २१ ते २५ पानं लागतात, आणताना ३५ आणा.

सुतळी ओली करून ओवा म्हणजे वाळल्यावर घट्ट बसेल असं सांगणारे खूप भेटतात. उलट होतं. ओली सुतळी फुगलेली असते, वाळली की पदर सैल पडतात. कोरडीच घ्या. स्टेपलर तर नकोच, पान शिरेच्या बाजूने फाटतं आणि पिना उंबऱ्यावर पडतात, जिथे आपण अनवाणी उभे राहून ओवाळतो. खोट्या अशोकाची पानं बाजारात तयार मिळतात, पण त्यांचे देठ आखूड, या पद्धतीने टिकत नाहीत.

झेंडू वेगळ्या दोऱ्यात. सुई फुलाच्या हिरव्या वाटीतून आडवी घातली की फूल समोर बघतं. ही माळ सुतळीवर चार-पाच ठिकाणी बांधून टाका, देठांच्या गाठी झाकल्या जातात. फुलांवर पाणी शिंपडू नका, आतून कुजतात आणि वास मारतात. मिळाल्या तर दसऱ्याला मधोमध भाताच्या दोन लोंब्या, कोकणात नव्या भाताचा मान असतो तो, ठाण्यात मी भाजीवालीला आठवडाभर आधी सांगून ठेवते.

बांधताना आधी दोन्ही टोकांचे खिळे, मग मधला, मधला नसेल तर तोरणाला पोट सुटतं. सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर दार एकदा उघडझाप करून बघा, पानांची टोकं घासली तर चौकटीच्या आतल्या बाजूला घ्या.

झेंडू चार दिवसांनी काढून टाका, पानं राहू द्या. ती कडेने वळतात, फिकी पडतात, पण लटकत राहतात, माझी दसऱ्याची पानं दिवाळीच्या आवराआवरीपर्यंत असतात. मग पानं कुस्करून कुंडीत, आणि सुतळी गुंडाळून पाडव्यासाठी ठेवून द्यायची.