तिशा बआव म्हणजेच बिरड्याचा रोजा: अर्थ काय आणि तो कसा पाळायचा

ज्यूंचा उपास म्हटलं की बहुतेकांना योम किप्पुर आठवतो. पण तितकाच लांब, सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत साधारण २५ तासांचा निर्जळी उपास अजून एक आहे, तो म्हणजे हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याच्या ९ तारखेचा तिशा बआव. कोकणातले आणि मुंबईतले बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू लोक, त्याला बिरड्याचा रोजा म्हणत आलेत. पहिल्यांदा धरणार असाल, किंवा ऑफिसमधलं, शेजारचं कुणी धरतंय आणि आपण कसं वागावं ते कळत नसेल, तर हे वाचा.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच लागणार नाही

योम किप्पुर माफी मागण्याचा दिवस आहे, लोक पांढरे कपडे घालतात, मनात आशा असते. तिशा बआव तसा नाही, हा दुखवटा आहे. जेरुसलेमचं पहिलं मंदिर इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने पाडलं आणि दुसरं इ.स. ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने जाळलं, दोन्हीचा शोक याच तारखेला करतात. मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात, या दिवसाच्या पाच आपत्ती सांगितल्यात, त्यात मिसर म्हणजे इजिप्तमधून निघालेल्या पिढीला देवाने वचन दिलेल्या देशात पाय ठेवता येणार नाही हा निवाडा आहे आणि बेतार शहराचा पाडावही आहे. पुढे १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकललं त्याचं दुःखही लोकांनी याच दिवसाला जोडलं. म्हणजे घरात माणूस गेल्यावर आपण सूतक पाळतो ना, तसं अख्खा समाज एका इमारतीचं आणि एका शहराचं सूतक पाळतो, आणि सगळे नियम त्यातूनच आलेत.

१. तारीख बघा

हिब्रू पंचांग चंद्रावर चालतं त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, जुलै-ऑगस्टमध्ये कधीतरी येतो. २०२६ मध्ये २२ जुलैच्या संध्याकाळी सुरू होऊन २३ ला रात्री संपतो. ९ आव शनिवारी आला तर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, शोक करत नाहीत म्हणून उपास एक दिवस पुढे रविवारवर जातो, २०२२ मध्ये असंच झालं होतं. मुंबईत तेव्हा सूर्य साधारण सव्वासातला मावळतो, पण नेमकी वेळ आपल्या सिनेगॉगमधूनच (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातून) घ्या.

२. आधीचे दिवस, आणि बिरडं

तयारी तीन आठवडे आधी, आवच्या आधीच्या तम्मूझ महिन्याच्या १७ तारखेच्या छोट्या उपासापासून सुरू होते, तेव्हापासून लग्नं लावत नाहीत. आव लागला की मटण-चिकन आणि वाइन बंद, काही समाजांत हे फक्त उपासाच्या आठवड्यात. बेने इस्राएल घरांमध्ये या बिनमटणाच्या दिवसांत वालाचं बिरडं व्हायचं आणि उपासाचं नावच त्यावरून पडलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, शोक जेरुसलेमचा आणि ताटात रायगडचे वाल, दोन्ही सारख्याच आपलेपणाने सांभाळलेले.

बिरडं करायचं तर दोन दिवस हाताशी ठेवा. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, सकाळी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे, पावसाळ्यात मोड यायला जरा वेळ लागतो. मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल सोलायचा, हे काम चार जणांनी मिळून बसून करावं, एकट्याने कंटाळा येतो. तेलात हिंग, हळद, कांदा, त्यावर वाल, ते बोटचेपे शिजले की कोकम, थोडासा गूळ आणि खोवलेला नारळ. जास्त ढवळू नका, डाळिंब्या मोडतात.

३. उपासाआधीचं शेवटचं जेवण

पोटभर जेवण दुपारीच उरकतात. मग सूर्यास्ताआधी जमिनीवर बसून एक अगदी साधं जेवण, ब्रेड आणि उकडलेलं अंडं, आणि पुष्कळ ठिकाणी त्याला चिमूटभर राख लावतात. इथे शिजवलेला पदार्थ एकच चालतो, आणि घोळक्याने बसत नाहीत, प्रत्येक जण आपापला जेवतो. चहा-कॉफी दोन-तीन दिवस आधीपासून कमी करत आणा म्हणजे डोकं दुखत नाही, आणि पाणी आदल्या दिवसभर थोडं थोडं पीत राहा, शेवटच्या पाच मिनिटांत दोन लिटर पिऊन काही उपयोग नाही.

४. रात्र आणि दुसरा दिवस

खाणंपिणं, आंघोळ, तेल-क्रीम लावणं, चामड्याची पादत्राणं आणि नवराबायकोचा संबंध, या पाच गोष्टी बंद. कोल्हापुरी काढून ठेवा, रबरी चप्पल किंवा कापडी बूट चालतात. सकाळी फक्त बोटं पेरांपर्यंत धुवायची.

सिनेगॉगमध्ये दिवे मंद करतात, तोरा (ज्यूंचा पवित्र ग्रंथ) ठेवलेल्या कपाटावरचा पडदा काढलेला असतो, लोक खाली जमिनीवर किंवा ठेंगण्या स्टुलावर बसतात आणि विलापगीत हे बायबलमधलं जेरुसलेमच्या शोकाचं पुस्तक वाचलं जातं. शेवटून दुसरी ओळ, आम्हाला तुझ्याकडे परत घे अशा अर्थाची, शेवटी पुन्हा म्हणतात, कारण शेवटची ओळ फार कठोर आहे आणि तिथे थांबवत नाही. सकाळी कीनोत म्हणजे शोकगीतं, ती बराच वेळ चालतात. तोराचा नेहमीचा अभ्यासही करत नाहीत कारण त्याने मनाला आनंद होतो, बायबलमधल्या ईयोबच्या पुस्तकासारखं दुःखाचं वाचलेलं चालतं. दुपारनंतर जरा सैल होतं, खुर्चीवर बसतात, आणि तेफिलिन, म्हणजे हातावर आणि कपाळावर बांधायच्या चामडी पेट्या, ज्या एरवी सकाळी बांधतात त्या या दिवशी दुपारच्या प्रार्थनेला बांधतात.

लहान मुलांना उपास नाही. आजारी माणसाने धरू नये, आणि गरोदर, बाळंतीण किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टर आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) दोघांनाही आधीच विचारा, हट्टाने करू नका.

५. तुम्ही ज्यू नसाल तर

शुभेच्छा देऊ नका, "हॅपी" तर मुळीच नको. या दिवशी ते आपसातही शालोम (त्यांचा नेहमीचा नमस्कार) म्हणत नाहीत, त्यामुळे कुणी तुम्हाला बघून नुसती मान हलवली तर राग मानू नका. सिनेगॉगमध्ये जायचं असेल तर आधी विचारून जा, डोकं झाका, मागे शांत बसा, मोबाइल खिशात ठेवा.

६. उपास सोडताना

अंधार पडला की हात नीट पूर्ण धुवा, आधी पाणी, मग हलकं काहीतरी. लगेच मटणावर जाऊ नका, मंदिर १० तारखेलाही जळत होतं म्हणून मटण, वाइन, केस कापणं, कपडे धुणं हे सगळं बहुतेक जण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबवतात. आणि १५ आवला, म्हणजे सहाच दिवसांनी, तू बआव येतो, त्या दिवशी जुन्या काळी जेरुसलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायच्या, लग्नं परत तिथपासून जोरात सुरू होतात.