धुराच्या पेटीला पीआयडी कंट्रोलर

आमच्या साकोलीकडच्या खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, रात्री उशिरा चढतं. सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, कोंबडी धुरावर शिजवायच्या पेटीची 1000 वॅटची कॉइल त्याप्रमाणंच कमी-जास्त तापायची. कोंबडी कधी कच्ची, कधी करपलेली. शेवटी पीआयडी कंट्रोलर लावला, म्हणजे तापमान बघून कॉइल आपोआप चालू-बंद करणारा.

कंट्रोलर एसएसआर (हलणारे भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवणाऱ्या आउटपुटचाच मागा. रिलेवाला सारखा टकटक करून झिजतो. कॉइल 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आतच ओढते, तरी एसएसआर 25 अँपिअरचा घ्या आणि हीटसिंकवर पक्का बसवा. फेज एसएसआरमधून कॉइलला, न्यूट्रल थेट. अर्थिंगची वायर पेटीच्या पत्र्याला लावायच्या आधी तिथला रंग खरवडून काढा. वायरिंग येत नसेल तर वायरमनलाच बोलवा.

के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) जाळीच्या उंचीवर, मांसापासून दोन बोटं लांब. मी आधी कॉइलजवळ लावला होता. आकडा 110 अंश दाखवायचा आणि वर जाळी कोमट. मग रिकाम्या पेटीवर 110 ला ऑटोट्यून लावा, म्हणजे कंट्रोलर पेटीला साजेसं सेटिंग स्वतः शोधतो; तोवर दार उघडू नका.

एक अडचण येतेच. तापमान जमलं की कॉइल थोडाच वेळ लागते, तिच्यावर धुरासाठी ठेवलेले लाकडाचे तुकडे धुमसतच नाहीत. मी आंब्याच्या लाकडाला वेगळ्या डब्यात निखारा देतो.

एसएसआर बिघडला की बहुधा चालूच अडकतो, आणि एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) त्यावर पडत नाही, कारण करंट वाढत नाही. कॉइलच्या लाइनमध्ये थर्मल कटआउट (फार तापलं की लाइन तोडणारा) हवाच. कोंबडी मात्र मांडीत थर्मामीटरची सुई खुपसून 74 अंश दिसल्यावरच काढा.