लाकडावरची बुरशी नव्या जातीची आहे हे कसं ठरवायचं

बुरशी दिसली की मी चाकूआधी वही काढते. झाड कोणतं, उभं की पडलेलं, साल शिल्लक आहे का, हे तिथेच लिहा. नमुना वाळल्यावर ते कुणालाच सांगता येत नाही. खालचं लाकूडही बघा. तपकिरी होऊन चौकोनी तुकडे पडत असतील तर तपकिरी कूज. फिकट, धागेदार होत असेल तर पांढरी कूज. मग ताजेपणीच बुरशीच्या खालच्या बाजूला भिंगाखाली मिलिमीटरमागे किती छिद्रं बसतात ते मोजा, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाका. हायमेनोकीटेसी कुळातली बुरशी लगेच काळवंडते.

नमुना मंद उष्णतेवर पूर्ण वाळवा.

खरं काम सूक्ष्मदर्शकाखाली आहे, आणि मला ते सगळ्यांत आवडतं. ब्लेडने अगदी पातळ काप घ्या आणि तंतू सावकाश सुटे करा. फक्त जनक तंतू (बाकीचे तंतू ज्यांतून निघतात ते मूळ तंतू) आहेत, की जाड भिंतीचे सांगाडा-तंतू आणि फांद्या फुटलेले बंधक तंतूही आहेत? तंतूंची ही मांडणी वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नर यांनी १९३२ साली दिली आणि आजही तिच्याशिवाय पान हलत नाही. जनक तंतूंच्या आडव्या पडद्यांपाशी क्लॅम्प, म्हणजे आकड्यासारखे छोटे जोड, आहेत की नाहीत हे बघताना घाई नको. एक सापडेपर्यंत ‘नाहीत’ असं लिहिण्याचा मोह होतो. किमान ३० बीजाणूंची लांबी-रुंदी मोजा, दोन्हींचं गुणोत्तर काढा. मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात ते निळे-काळे होतात, लालसर-तपकिरी होतात की तसेच राहतात, तेही नोंदवा.

डीएनए यानंतर. २०१२ पासून आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशींचा अधिकृत बारकोड मानला जातो, पण केवळ त्यातल्या फरकाच्या टक्केवारीवरून नवी जाती जाहीर करू नये, असं माझं ठाम मत आहे. एलएसयू, टीईएफ-१ हे डीएनएचे आणखी भाग जोडून वंशवृक्ष काढा. तुमचे नमुने वेगळी फांदी धरतात का, आणि त्या फांदीला सूक्ष्मदर्शकातलं एखादं लक्षण दुजोरा देतं का? जवळच्या जातींचे मूळ प्रकार-नमुने (ज्यांच्यावर त्या जातीचं नाव बांधलेलं असतं ते नमुने) मागवून शेजारी ठेवून पाहा. गॅनोडर्मा ल्युसिडम हे मूळ इंग्लंडातल्या बुरशीचं नाव जगभर कितीतरी वेगळ्या जातींना चिकटलं, ते ही तुलना न झाल्यामुळेच.

फरक टिकला, तर वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत लिहा, प्रकार-नमुना वनस्पतिसंग्रहालयात द्या आणि मायकोबँकसारख्या बुरशीनावांच्या मान्य नोंदणीचा क्रमांक घ्या. १ जानेवारी २०१३ पासून त्या क्रमांकाशिवाय नाव वैध धरलं जात नाही.