ख्रिश्चन लोक देव कशाला म्हणतात, हे समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची

सगळ्यात आधी ते तीन-एकचं गणित बाजूला ठेवा. बेळगावात कुठल्याही ख्रिश्चन पोराला कॉलेजच्या कँटीनमध्ये हाच प्रश्न येतो, "तुमचे देव तीन की एक रे?" आणि तो बिचारा घाईघाईत काहीतरी उदाहरण देऊन सुटतो, ऐकणाऱ्याला वाटतं कळलं, आणि खरं तर दोघांच्याही हाती काही लागलेलं नसतं. मी उलट्या बाजूने जायला सांगतो. ख्रिस्ती माणूस प्रार्थना कुणाला करतो, कुणाच्या नावाने करतो आणि कुणाच्या बळावर करतो हे आधी बघा. देवाबद्दलची शिकवण त्यातनं तयार झाली, आधी कुणी बसून थिअरी लिहिली आणि मग लोक भक्तीला लागले असं झालेलंच नाही.

हे मुख्यतः ख्रिश्चन नसलेल्या आपल्याकडच्या लोकांसाठी लिहितोय, शहापूर-वडगावची वारकरी घरं, लिंगायत दोस्त, मुस्लिम दोस्त. आणि आमच्याच चर्चमधल्या त्या पोरांसाठी पण, ज्यांना सगळं लहानपणापासून पाठ आहे पण कुणी विचारलं की त त प प होतं.

तर पहिली गोष्ट, एक देव. यात तडजोड नाही. येशू ज्यू होता, त्याचे शिष्य ज्यू होते, आणि ज्यू माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायचा की हे इस्राएला ऐक, आपला देव परमेश्वर एकच आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे ते, ६:४ मध्ये. सगळ्यात मोठी आज्ञा कुठली असं येशूला विचारलं तेव्हा त्याने हेच म्हणून दाखवलं, मार्क १२ उघडून बघा. म्हणजे "तुम्ही तीन देव मानता" हा आरोप ऐकला की आमच्याकडचा जाणता माणूस चिडत नाही, तो सांगतो की आम्ही पण तेच नाकारतो की.

हा देव जगाचा भाग नाही. डोंगर, नदी, सूर्य, माणूस, सगळं त्याने केलं, आणि ते आजही टिकून आहे ते त्याच्यामुळेच, पण ते म्हणजे तो नव्हे. त्याला शरीर नाही. चित्रातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा बघून पुष्कळांना वाटतं ख्रिश्चनांचा देव ढगात बसलेला एक आजोबा आहे, ते चित्रकारांचं काम, शिकवण नव्हे. येशूने शोमरोन भागातल्या एका बाईला विहिरीवर सरळ सांगितलं की देव आत्मा आहे. आणि त्याला बाप म्हणतात म्हणून तो पुरुष असंही नाही, यशया ६६ मध्ये तोच म्हणतो की आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. विठ्ठलाला माऊली म्हणणाऱ्या माणसाला हे पटवायला काही वेळ लागत नाही. बाप हा शब्दही आपल्या भाषेत काल-परवा आलेला नाही, चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की राचोल लागतं, तिथे १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने (जेझुइट म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा पाद्री) मराठी ओव्यांमध्ये क्रिस्तपुराण छापलं आणि त्याच्या सुरुवातीलाच देवाला बापा म्हणून हाक घातलीय.

इथपर्यंत मुस्लिम दोस्त पण बरोबर चालतो. अडचण सुरू होते ती येशूपाशी.

म्हणून दुसरं काम, मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं एक चरित्र, वाचा, सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतं. वाचताना एकच गोष्ट टिपत जा, की हा माणूस स्वतःला काय समजतो. दुसऱ्या अध्यायात तो एका लुळ्या माणसाला म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झाली, आणि तिथे बसलेले शास्त्री, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचे जाणकार, मनात म्हणतात, पापांची क्षमा देवाशिवाय कोण करणार? त्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे बघा. वादळाला गप्प म्हणतो आणि ते गप्प होतं. पण हाच माणूस चौदाव्या अध्यायात गेथशेमाने बागेत जमिनीवर पडून "अब्बा, बापा" म्हणत रडकुंडीला येऊन प्रार्थना करतोय. आता तो स्वतःशीच बोलत होता का? नाही. मग बाप वेगळा, पुत्र वेगळा. आणि तरी पुनरुत्थानानंतर त्याचा शिष्य थोमा, म्हणजे रोज "देव एकच" म्हणणारा ज्यू, त्याच येशूला "माझा प्रभू, माझा देव" म्हणतो (योहान २०:२८) आणि येशू त्याला अडवत नाही.

त्यात बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय २ घाला. पेंटेकॉस्ट या ज्यू सणाच्या दिवशी पवित्र आत्मा शिष्यांवर आला, आणि त्यांना तो नुसती शक्ती किंवा करंट वाटला नाही, तो बोलतो, पाठवतो, त्याला दुःख होतं असंच ते लिहितात.

हे तीन अनुभव त्या लोकांच्या अंगावर आले आणि एकही सोडता येईना. देव एकच, हे सोडता येईना. येशूला देव म्हटल्याशिवाय राहवेना. आत्मा तर त्यांच्यात राहत होता. त्रैक्य म्हणतात ते या तिन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवायची शिस्त आहे. बायबलमध्ये हा शब्द कुठे नाही हे खरं आहे, पण मत्तयच्या शेवटी बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने द्यायला सांगितलाय, आणि तिथे नाव एकच आहे, नावं नाहीत.

आता उदाहरणांबद्दल. पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण तुम्ही कुठेतरी ऐकलं असणार, संडे स्कूलमध्ये तर ठरलेलंच. ते विसरा. तेच पाणी एकदा बर्फ होतं आणि एकदा वाफ, म्हणजे एकच देव तीन वेषांत येतो असा त्याचा अर्थ होतो, आणि तिसऱ्या शतकात साबेलियस नावाच्या माणसाची शिकवण साधारण अशीच म्हणून चर्चने ती नाकारलेली आहे. कसोटी सोपी आहे, मत्तय ३ मधला यार्देन नदीतला बाप्तिस्मा बघा, पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी वरून येतेय, तिघं एकाच वेळी हजर.

आपल्याकडे दुसरा प्रश्न हमखास येतो, "म्हणजे दत्तासारखं का?" नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेला माणूस हे विचारणारच, आणि प्रश्न वाईट नाही. पण फरक असा की ब्रह्मा-विष्णू-महेश म्हटलं की निर्मिती, पालन, संहार अशी कामाची वाटणी डोळ्यांपुढे येते. ख्रिस्ती शिकवणीत तशी वाटणी नाही. जग पित्याने केलं, पुत्राद्वारे केलं, आत्म्याने केलं, तिघांचं मिळून ते एकच काम. मग त्यांच्यात फरक कशाचा? फक्त नात्याचा. पिता कुणापासून नाही, पुत्र पित्यापासून आहे, आत्मा पित्यापासून येतो (पुत्रापासूनही येतो की नाही यावर पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची चर्च आजही भांडतात, १०५४ च्या फाटाफुटीत हे एक कारण होतं, पण नवीन माणसाने त्यात शिरू नये). आणि पुत्र म्हणजे देवाने बायको केली आणि मूल झालं असं कुणीही मानत नाही, मुस्लिम दोस्ताला हे आधीच सांगून टाका, अर्धा वाद तिथेच मिटतो.

अवताराचं मात्र थोडं थांबून बघायला पाहिजे, कारण वारकरी घरातला माणूस येशूला पटकन अवतारांच्या रांगेत बसवतो आणि मनाने मोठा असतो म्हणूनच बसवतो. सगुण-निर्गुण ज्याने कीर्तनात ऐकलंय त्याला देव देहात येणं अशक्य वाटत नाही, ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या मार्गेच ख्रिस्तापर्यंत आलो म्हणायचे. पण ख्रिस्ती माणूस इथे तीन गोष्टी वेगळ्या सांगतो. हे एकदाच झालं, युगायुगात नाही. ते इतिहासात झालं, म्हणून तर दर रविवारच्या विश्वासांगीकारात, म्हणजे आम्ही काय मानतो ते सगळे मिळून म्हणतात त्यात, येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या पिलात या एका रोमन अधिकाऱ्याचं नाव घेतात, देवाबद्दल बोलताना मध्येच एक सरकारी माणूस! आणि तिसरं, त्याने तो देह परत टाकून दिला नाही. पुनरुत्थान झालं ते देहासकट, म्हणजे पुत्र आजही माणूस आहे. तो दमायचा, भुकेला व्हायचा, मित्र मेला तेव्हा रडला, आणि क्रूसावर खरोखर मेला. ४५१ मध्ये खाल्सेदोन इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने हेच पक्कं केलं, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, अर्धा-अर्धा नाही.

परिषदेवरून आठवलं, व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरत असतो की सम्राट कॉन्स्टंटाईनने मतदान घेऊन येशूला देव केलं. ३२५ मध्ये निकाया इथे परिषद भरली आणि त्याने बोलावली हे खरं. पण वाद येशूला देव मानायचं की साधा माणूस असा नव्हताच. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र थोर आहे, सगळ्यांच्या आधीचा आहे, पण शेवटी देवाने घडवलेला. परिषदेने सांगितलं, घडवलेला नाही, पित्याशी एकतत्त्व. आणि येशूची भक्ती तर कितीतरी जुनी, ११२ च्या आसपास प्लिनी नावाचा रोमन सुभेदार सम्राटाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव समजून गाणी म्हणतात. गंमत म्हणजे त्याच्याच प्रांतात निकाया येतं. ३२५ नंतरही सगळं शांत झालं नाही, एरियसविरुद्ध उभ्या राहिलेल्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, बऱ्याच वेळा सम्राटांच्याच हुकमाने. सम्राटाची सोय म्हणून बनवलेली शिकवण असती तर असं झालं असतं का?

एवढं सगळं करून हातात काय येतं? माझ्या मते या शिकवणीचा गाभा योहानाच्या पहिल्या पत्रात आहे, देव प्रीती आहे. प्रीती करतो असं नाही, आहे. आता यावर जरा विचार करा. जग नव्हतं तेव्हा देव कुणावर प्रेम करत होता? एकटाच असेल तर प्रेम करायला त्याला जग निर्माण करावं लागलं, म्हणजे त्याला आपली गरज होती, आणि गरजू देव हा कसला देव. योहान १७ मध्ये येशू पित्याला म्हणतो, जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. म्हणजे प्रेम देवाच्या आतच आधीपासून होतं, आपल्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं, तरी त्याने आपल्याला केलं. मला यात मोठी सुटका वाटते, कारण मग देवाची कमी भरून काढायला मी नाही, नवस फेडून त्याला खूश ठेवायचं काम माझ्यावर नाही. हे एकदा नीट लक्षात आलं की लूक १५ मधल्या गोष्टीतला, बिघडून घर सोडून गेलेला मुलगा परत येताना दिसला म्हणून रस्त्यावर धावत सुटलेला बाप नुसता भोळा वाटत नाही.

वाचायचा क्रम असा ठेवा: मार्क, मग लूक १५, मग योहानाचा पहिला अध्याय आणि १४ ते १७, मग रोमकरांस पत्र अध्याय ८. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाने सुरुवात करू नका, डोकं फिरेल.

आणि नुसतं वाचू नका, एखाद्या रविवारी जाऊन ऐका. कॅम्पात फातिमा कॅथेड्रल आहे, सेंट मेरीज आहे. लंडन मिशन या प्रोटेस्टंट मिशनचे लोक बेळगावात १८२० मध्ये आले, त्यांचं काम पुढे मेथडिस्टांकडे गेलं, ती मंडळी आहेत. खानापूरकडे कोंकणीतली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, मिळेल. कुठेही मागे बसा, कुणी उठवत नाही, फक्त प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस देतात तेव्हा, रांगेत जाऊ नका, बसून राहिलं तरी चालतं. मिस्सेत प्रार्थनेची दिशा पकडा, बहुतेक प्रार्थना पित्याला असतात, पुत्राद्वारे, पवित्र आत्म्याच्या ऐक्यात, आणि शेवटी आमेन. कॅथलिक, मेथडिस्ट, बहुतेक पेंटेकॉस्टल, पद्धती कितीही वेगळ्या असल्या तरी इथे एक आहेत. दारावर येणारे यहोवाचे साक्षीदार मात्र त्रैक्य मानत नाहीत, त्यांच्याशी बोलताना हे माहीत असलेलं बरं.

जमलं तर त्रैक्य रविवारी जा. पेंटेकॉस्टनंतरचा रविवार, मेच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येतो, म्हणजे छत्री बरोबर असू द्या. त्या दिवशी प्रवचन याच विषयावर असतं, आणि पाळकांनी पाणी-बर्फ-वाफ काढलं तर बाहेर पडल्यावर त्यांना यार्देन नदीचं विचारा.